दोन घरं राहू द्या

“मावशी, अल्हाम्ब्राचं तिकीट काढलंस ना?”

भाचीने फोनवर हे विचारलं तेव्हा मी माद्रिदहून ग्रानादाला जाणाऱ्या बसमध्ये होते आणि खिडकीबाहेरची ऑलिव्हची झाडं संपायचं नाव घेत नव्हती. तिकीट काढलं नव्हतं. ताजमहालाला जातो तसं जाऊ, रांगेत उभं राहू, फार तर तासभर ऊन खाऊ, एवढाच माझा हिशेब. पलीकडून एक लांबलचक सुस्कारा आला. तिथल्या नास्री सुलतानांच्या राजवाड्यांत शिरायची वेळ म्हणे तिकिटावर छापलेली असते आणि ती तिकिटं कित्येक आठवडे आधीच संपतात. भाची ग्रानादाच्या विद्यापीठात एका सत्रापुरती शिकायला आलेली, त्यामुळे इथल्या खाचाखोचा तिला माहीत. दोन तास खटपट करून कुणीतरी रद्द केलेली दोन तिकिटं तिने पकडली. ती होती माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाची, सकाळी साडेआठची.

“मग मधले पाच दिवस?”

“मधले पाच दिवस माझ्याबरोबर गावं बघ.”

पंढरपूरला जाऊन विठोबाला लांबूनच हात जोडायचे आणि पाच दिवस चंद्रभागेत पाय बुडवून बसायचं, असा हा प्रकार. मे महिना संपत आला होता. सिएर्रा नेवादाच्या माथ्यावर अजून बर्फ होतं आणि खाली शहरात रस्ते तापले होते. समोरच्या टेकडीवर अल्हाम्ब्राचा तो लालसर किल्ला दिवसभर दिसायचा आणि मी त्याच्याकडे पाठ करून दुसरीकडेच चालू लागायची.

ग्रानादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. शहराच्या नावाचं मूळ अरबी ‘गर्नाता’कडे जातं, पण लोकांनी डाळिंब धरून ठेवलं आहे; रस्त्याच्या पाट्यांवर, कडेच्या लोखंडी खुंट्यांवर, मातीच्या निळ्या-हिरव्या भांड्यांवर, सगळीकडे डाळिंबं. इथली माणसं ते नावसुद्धा पुरतं उच्चारत नाहीत. शेवटचं अक्षर गिळून ‘ग्राना’ म्हणतात आणि त्या ‘ना’वर असा जोर देतात, की पुढे काही राहिलं आहे असं वाटूच नये.

आमची खोली आल्बायसिनमध्ये होती. किल्ल्यासमोरच्या टेकडीवरची ही जुनी मूरकालीन, म्हणजे मुसलमान राजवटीतली, वस्ती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावावी इतक्या अरुंद गल्ल्या, पांढऱ्या भिंती आणि भिंतींपलीकडे न दिसणाऱ्या बागा. पहिल्याच संध्याकाळी गल्लीच्या वळणावर विटांची एक बुटकी कमान दिसली. आत अंधार, तोंडाला लोखंडी जाळी, जाळीपाशी मांजर. देवळी असेल असं वाटलं. भाची म्हणाली, “आल्हिबे.” पाण्याचं टाकं. अशी पंचवीसेक टाकी या टेकडीवर अजून उभी आहेत. बहुतेक मशिदींना लागून बांधलेली. मशिदी गेल्या, त्यांच्या जागी चर्च आली, टाकी तिथेच राहिली. घराघरांत नळ येईपर्यंत, म्हणजे थेट विसाव्या शतकापर्यंत, लोक त्यांतलं पाणी भरत होते.

टेकडीवर टाकं म्हटलं की खानदेशातल्या माझ्यासारख्या बाईला पहिला प्रश्न पडतो तो त्यात पाणी कसं चढवलं हा. चढवलेलं नव्हतंच. ते उतरवलेलं होतं. ईशान्येला डोंगराच्या कुशीत आल्फाकार नावाचं गाव आहे. तिथल्या झऱ्यावरून अकराव्या शतकात एक पाट काढला आणि डोंगराच्या अंगाने वळसे घेत, उतार अगदी जेमतेम ठेवत, तो या टेकडीवर आणून सोडला. पाटाचं नाव आइनादामार. मूळ अरबी ‘ऐन-अद्-दमा’, म्हणजे आसवांचा झरा.

दुसऱ्या दिवशी आम्ही आसवांच्या झऱ्याकडे गेलो. आल्फाकार हे भटारखान्यांचं गाव. ग्रानादाला पाव पुरवणारं म्हणून नावाजलेलं. बसमधून उतरलं की भाजलेल्या पिठाचा वास. वरच्या अंगाला ‘फुएन्ते ग्रान्दे’, मोठा झरा, नावाला शोभेल असा मोठा मुळीच नाही. दगडी काठ बांधलेलं एक कुंड, पाणी इतकं स्वच्छ की खोली कळत नाही. काठावर गुडघे टेकून बसलं, की तळातून वर येणारे बुडबुडे दिसतात. एक सुटतो, डुलत वर येतो, फुटतो. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम तीन. मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. भाचीने पाव अर्धा संपवला होता.

याच रस्त्यावर, आल्फाकार आणि विस्नार या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी, १९३६च्या ऑगस्टमध्ये फेदेरिको गार्सिया लोर्काला गोळ्या घातल्या. यादवी युद्ध सुरू होऊन महिना झाला होता. कवी अडतीस वर्षांचा होता. त्याच्याबरोबर एक शाळामास्तर आणि दोन बैलझुंजवाले कामगारही मारले गेले. लोर्काचं प्रेत आजवर सापडलेलं नाही. विस्नारच्या घळीत पाइनची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत उकरलेले चौकोन आणि छायाचित्रं लावलेली फुलं आहेत. शेजारून जुना पाट गेला आहे. आम्ही तिथे फार बोललो नाही, त्यामुळे इथेही फार लिहीत नाही.

मरायच्या दोनच महिने आधी लोर्काने एका मुलाखतीत सांगितलं होतं, की १४९२मध्ये ग्रानादा जिंकली गेली तो क्षण वाईट होता, शाळेत काहीही शिकवोत. ग्रानादाच्या माणसाने हे बोलणं सोपं नव्हतं. २ जानेवारी १४९२ला बोआब्दिलने, म्हणजे शेवटच्या नास्री सुलतानाने, इसाबेल राणी आणि फेर्नान्दो राजा यांच्या हाती किल्ल्या दिल्या. तो दिवस या शहरात आजही वाजतगाजत साजरा होतो. आणि त्या दिवशी जे वाजतं त्याची गोष्ट मला आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितली.

या बाई पंचाहत्तरीच्या. माहेर खाली वेगामध्ये. वेगा म्हणजे शहराच्या पश्चिमेला पसरलेला हेनिल नदीचा सपाट, काळा, ओला मुलूख. लोर्का तिथलाच, फुएन्ते वाकेरोस या गावात १८९८ला जन्मलेला, साखरेचं बीट पिकू लागलं तेव्हा चांगलाच वर आलेल्या जमीनदाराचा मुलगा. ग्रानादाची ‘ग्रान विया’ ही मुख्य सडक याच साखरेच्या पैशांवर उभी राहिली. तिच्यासाठी जुनी अरबी वस्ती मधोमध कापून काढली, म्हणून तिला चेष्टेने ‘साखरेची सडक’ म्हणत. साखरेनंतर तंबाखू आली. तंबाखू वाळवायचे उंच वखारवाडे, विटांच्या जाळीच्या भिंतींचे, अजून शेतात उभे आहेत. बरेचसे ओस, काहींवर करकोचे.

बाई म्हणाल्या, “मी लहान असताना बाबा घंटा ऐकून उठायचे.”

“चर्चची?”

“नाही गं. किल्ल्याची.”

अल्हाम्ब्राच्या पश्चिम टोकाला वेला नावाचा बुरूज आहे, त्यावर मोठी घंटा. २ जानेवारीला शहरातल्या मुली ती वाजवायला गर्दी करतात, कारण त्या दिवशी घंटा वाजवली की वर्षभरात लग्न जमतं म्हणे. पण घंटेचं खरं काम निराळंच होतं. शतकानुशतकं ती रात्रभर ठरावीक वेळाने वाजत असे, खाली वेगातल्या शेतकऱ्यांसाठी, पाण्याच्या पाळ्या कळाव्यात म्हणून. घड्याळ कुणाकडे होतं? अंथरुणात पडल्या पडल्या टोले मोजायचे आणि आपली पाळी आली की फावडं खांद्यावर टाकून बाहेर पडायचं. राजाचा बुरूज, आणि त्याच्यावर टांगलेलं पाटकऱ्याचं घड्याळ! हे ऐकलं आणि त्या किल्ल्याशी माझं एकदम जमलं.

माझं आजोळ धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. नदीवर तीन-चारशे वर्षांपूर्वीचा बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी सगळ्यांना एकदम सोडता येतं. पाटकरी पाणी वाटणार, बारेकरी ते शेतात फिरवणार, जागल्या राखण करणार. भांडण झालंच तर पंच आहेत. आजोबा कंदील घेऊन रात्री निघायचे ते मला आठवतं. घाटावर ज्याला दारं धरणं म्हणतात त्याला आमच्याकडे बारं देणं म्हणत. सकाळी परत यायचे तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला असायचा आणि चेहऱ्यावर, आपलं पाणी आपल्याला पुरतं मिळाल्याचं, एक विलक्षण समाधान. बाईंना मी हे तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं, भाचीने जोडून दिलं. बाईंनी माझा हात हातात घेतला. मग स्वयंपाकघराचं दार ओढलं, ते करकरलं, आणि त्या वैतागून म्हणाल्या, “बिसाग्रा!” बिजागरी मोडली होती. मी इतकी हसले, की त्यांना वाटलं मी दाराला हसते आहे. बिजागरी, बादली, साबण हे आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलेले शब्द. त्यांची मावसभावंडं या घरात बिसाग्रा, बाल्दे, हाबोन म्हणून नांदत होती.

सान्ता फेला आम्ही अर्धा दिवस गेलो आणि तो पुष्कळ झाला. ग्रानादाच्या वेढ्याच्या वेळची लष्करी छावणी, तिचंच गाव झालेलं. काटकोनात आखलेले रस्ते, चार वेशी. इथे १७ एप्रिल १४९२ला कोलंबसाचा करार झाला. गडी निघाला होता आपल्याकडे यायला, पोचला भलतीकडेच, आणि त्याच्या त्या चुकीपायी पुढे आपल्या ठेच्याला मिरची मिळाली. पुतळा आहे. त्याहून बघण्यासारखं म्हणजे ‘पिओनोनो’ नावाचं मिठाईचं दोन घासांचं गुंडाळलेलं प्रकरण, वर जळकी साय. पोप नवव्या पायसच्या नावावरून. पोपच्या नावाचं काही एवढं गोड असेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डोंगरात.

ग्रानादाच्या दक्षिणेला सिएर्रा नेवादाच्या पलीकडच्या उतारावर आल्पुहार्रा. बस आधी एका खिंडीतून जाते, तिचं नाव ‘मूराचा सुस्कारा’. हद्दपार होताना बोआब्दिलने इथून वळून शहराकडे शेवटचं पाहिलं आणि तो रडला, अशी दंतकथा. त्यावर त्याची आई काय म्हणाली तेही बसमध्ये कुणी ना कुणी सांगतंच. मला ती आई आवडत नाही, म्हणून पुढे जाते. लान्हारोन, ओर्हिवा, आणि मग वळणांवर वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पोकळी. पोकेइरा नदीच्या घळीत तीन गावं एकावर एक बसली आहेत: पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा. त्यांच्या डोक्यावर मुलासेन, ३,४७९ मीटर, इबेरियन द्वीपकल्पाचं सर्वांत उंच शिखर. बोआब्दिलचा बाप मुलाय हसन, त्याच्या नावाचं. बापाला शिखर आणि लेकाला सुस्कारा, असा इतिहासाचा वाटा.

पाम्पानेइरात उतरले आणि मला पहिल्यांदा वाटलं ते असं, की ही तर माळवदं. मराठवाड्यातल्यासारखी सपाट छपराची धाब्याची घरं, एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण. आपल्याकडे पांढरी माती, इथे लाउना नावाची करडी, चिकट, पाणी न पिणारी माती. खाली चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया आणि पातळ फरशी. वर गोल धुराडी, डोक्यावर दगडी चकती ठेवलेली. गल्लीवरून एक घर पलीकडच्या घराला टेकतं, खाली सावलीचा बोळ तयार होतो, त्याला तिनाओ म्हणतात. स्पेनमध्ये इतरत्र अशी घरं क्वचितच. थेट समुद्रापलीकडे, मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरात आहेत. आणि गल्लीच्या मधोमध, फरसबंदीत कोरलेला हातभर रुंदीचा पाट, आणि त्यातून उड्या मारत जाणारं पाणी. रात्री खिडकी उघडी टाकून झोपलं की गावभर तोच आवाज.

ही गावं ज्यांनी वसवली त्यांची हकीकत थोडक्यात अशी. १४९१च्या तहात ग्रानादाच्या मुसलमानांना त्यांचा धर्म, कायदा, भाषा राखायची मुभा दिली होती. दहा वर्षंही ती टिकली नाही. १४९९मध्ये आर्चबिशप सिस्नेरोस आला. सक्तीचे बाप्तिस्मे झाले, बिब-राम्ब्ला चौकात अरबी पुस्तकांची होळी झाली, वैद्यकाची तेवढी वगळली. धर्म बदललेल्यांना मोरिस्को म्हणू लागले. १५६७ला राजा फेलिपे दुसरा याने हुकूम काढला: अरबी बोलायचं नाही, अरबी नावं ठेवायची नाहीत, हमामात नाहायचं नाही, बायकांनी तोंड झाकायचं नाही, मेंदी लावायची नाही. पुढल्या नाताळात, १५६८ला, आल्पुहार्रा पेटला. दोन वर्षांवर चाललेली ती लढाई दोन्ही बाजूंनी भयंकर होती. शेवटी १५७०च्या नोव्हेंबरात मोरिस्कोंना ग्रानादाच्या राज्यातून उचललं आणि थंडी-पावसात कास्तियाकडे चालवत नेलं. वाटेत किती मेले त्याचा हिशेब करवत नाही. जे उरले त्यांना १६०९पासून देशाबाहेरच काढलं.

मग रिकाम्या गावांत उत्तरेकडून माणसं आणून बसवली, गालिसियाची, लेओनची, कास्तियाची. त्यांना घरं दिली, तुतीची झाडं दिली (इथलं रेशीम प्रसिद्ध होतं), जमीन दिली. त्या वाटपाच्या वह्या अजून आहेत, ‘लिब्रो दे आपेओ’. आपला सातबाराच म्हणा, झाडाझाडाची आणि पाण्याच्या पाळीपाळीची नोंद असलेला. पण पाण्याचं पुढे काय करायचं? गालिसियात पाऊस धो-धो पडतो. तिथल्या माणसाला बर्फाचं पाणी उतारावर कसं अडवायचं, कुठल्या पाटात कधी सोडायचं, हे काय ठाऊक? तेव्हा हुकूम निघाला, असं इथले लोक सांगतात, की प्रत्येक गावात मोरिस्कोंची दोन घरं राहू द्या. नव्यांना पाणी शिकवण्यापुरती.

पाम्पानेइराच्या त्या रात्री मला त्या दोन घरांनी झोपू दिलं नाही. भाऊबंद गेले, सोयरे गेले, मशीद गेली, बोलायला माणूस नाही. आणि सकाळी उठून, आपल्याच शेजाऱ्याच्या घरात येऊन राहिलेल्या परक्याला घेऊन पाटावर जायचं. हा दगड असा लाव. इथे माती टाक. नाही, तिथे नाही, इथे. कुठल्या भाषेत सांगितलं असेल? स्वतःच्या भाषेला बंदी. पण पाटाला मग काय म्हणायचं? शब्द अरबीच राहिला. असेकिया, अरबी ‘साकिया’. टाक्याला आल्बेर्का, अरबी ‘बिर्का’. भाषेवर बंदी घालणाऱ्यांच्या लेकरांच्या तोंडी ते शब्द बसले ते आजतागायत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका गावातले म्हातारेबुवा आम्हाला वर घेऊन गेले. चाळीस वर्षं गावाचे असेकिएरो, म्हणजे पाटकरी. ऐंशी उलटलेली, पायात कापडी बूट, खांद्यावर रुंद पात्याची कुदळ. भाचीची त्यांच्याशी ओळख कुदळीतूनच झालेली. विद्यापीठातले पुरातत्त्वाचे प्राध्यापक होसे मारिया मार्तिन सिवान्तोस आणि त्यांचा गट पडीक पाट पुन्हा वाहते करतो. २०१४मध्ये कान्यार गावच्या बार्हास पाटापासून हे काम सुरू झालं. विद्यार्थी, गावकरी, हौशी, सगळे जाऊन गाळ उपसतात. भाचीही दोन शनिवार तळहाताला फोड आणून आली होती. घरी ताट उचलून ठेवत नाही, हा मुद्दा मी तूर्त सोडून दिला.

दोन तास चढलो. पाट कुठे सिमेंटचा नाही, साधा मातीचा, काठाला चेस्टनट आणि ओक. एका जागी म्हातारेबुवा थांबले. पाटाच्या तोंडाशी एक चपटी फरशी उभी खोचलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी हलवून वर ओढली, शेजारच्या खाचेत बसवली, आणि कुदळीने गवताचा एक ओला चपटा तुकडा मुळांसकट कापून फटीत दाबला. मग आणखी एक. टाचेने ठोकला. गळणारी धार बारीक झाली, थांबली. पाणी क्षणभर घुटमळलं, चढलं, आणि उजवीकडच्या उतारावर पसरलं. तिथे शेत नव्हतं, झाड नव्हतं. खडकाळ, रिकामी जमीन. पाणी तिच्यात शिरत होतं आणि दिसेनासं होत होतं. पन्नास पावलांवर ते नव्हतंच.

“वाया चाललं की सगळं,” मी म्हणाले.

भाचीने ते भाषांतर करून सांगितलं की नाही कोण जाणे. म्हातारेबुवांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. कुदळीवर रेलून त्यांनी खाली बोट दाखवलं. दूर, शेकडो मीटर खाली, घळीच्या भिंतीवर हिरव्या रंगाचा एक पट्टा होता. “ऑगस्टमध्ये तिथे निघेल.”

याला तिकडे ‘कारेओ’ म्हणतात. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा शेताला पाणी फारसं लागत नाही, आणि लागतं तेव्हा बर्फ संपलेलं असतं. धरण बांधायला जागा नाही. तेव्हा डोंगरच धरण समजायचा. उंचावर पाट काढून पाणी आडवं न्यायचं आणि भेगाळ खडकात सोडून द्यायचं. आत ते आठवडे, महिने रेंगाळतं आणि भर उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून बाहेर येतं. कुठे सोडलेलं पाणी कुठे निघतं, याची माहिती म्हणजेच पाटकऱ्याची विद्या. ‘पाणी पेरणं’ असं ते म्हणतात. पेरलं आहे म्हटल्यावर त्याला वाया गेलं म्हणणारी मी कोण?

मधल्या काळात शहाण्या माणसांनी इथेही माझ्यासारखंच म्हटलं. मातीचे पाट गळतात, किती नासाडी. सिमेंट करा, नळ टाका. केलं. आणि मग खालचे झरे आटले, पाटाकाठचे चेस्टनट वाळले. ती गळतीच तर सगळ्यांना जगवत होती. म्हातारेबुवा हे सांगताना रागावले नाहीत, नुसते एका काळ्या नळाकडे पाहून थुंकले. त्यांना खरी काळजी दुसरी होती. गावात तरुण माणसं उरली नाहीत, आणि फरशीच्या फटीत गवताचा तुकडा केवढा दाबायचा हे पुस्तकात लिहिलेलं नाही. पलीकडच्या कड्यावर तिबेटी बौद्धांचा मठ आहे, ओसेल लिंग. १९८२मध्ये दलाई लामांनी त्याला ते नाव दिलं. म्हातारेबुवा म्हणाले, “तेवढे एक टिकून आहेत. त्यांचं पाणीही आमच्याच पाटाचं.” यातलं दुसरं वाक्य कितपत खरं, ते विचारायचं मी टाळलं.

मी विचारलं दुसरंच. “तुमचं घराणं किती वर्षं आहे इथे?”

“आम्ही इथले नव्हे,” ते म्हणाले. “आमचं मूळ गाव गालिसियात.”

साडेचारशे वर्षं झाली, आणि माणूस मूळ गाव सांगतो आहे! आमच्याकडची माणसं मुंबईत चौथ्या पिढीला ‘आम्ही मूळचे अमळनेरचे’ म्हणतात तसंच. मग मान वळवून त्यांनी मला विचारलं, “तुमच्याकडे पाणी वरून येतं, की खालून?”

आधी वरून यायचं, मी सांगितलं. बंधाऱ्यातून, पाटातून. आता खालून येतं. बोअरमधून, तीनशे फुटांवरून, चारशे फुटांवरून. ते काहीच बोलले नाहीत. हाताला लागलेली माती झटकली आणि आम्हाला उतरायला वाट करून दिली.

त्या रात्री जेवायला वांग्याचे काप होते, कणकेत घोळून तळलेले, वर काकवीची धार. ग्रानादात हा पदार्थ घरोघरी होतो. काकवी खालच्या समुद्रकाठची; मोत्रिलला अगदी २००६पर्यंत ऊस तुटत होता. वांगं आपलं, ऊस आपला; दोन्ही इराण, अरबस्तान फिरत इथवर आले आणि येताना नावंही घेऊन आले. वांग्याचं ‘बेरेन्हेना’, शर्करेचं ‘असुकार’. मी दोन ताटल्या संपवल्या. कुणीतरी आपल्याकडून नेलेली वस्तू परक्या घरात नीट वापरात आहे असं बघून जे बरं वाटतं, तसं काहीतरी वाटत होतं. तेलकट होते, पण ते असू दे.

आणि मग शेवटच्या दिवशी, साडेआठला, अल्हाम्ब्रा. रांगेत पंचवीस देशांची माणसं. त्या राजवाड्यांचं वर्णन पुष्कळांनी केलं आहे आणि ते सगळं खरं आहे. छतं खरोखरच मधाच्या पोळ्यांसारखी आहेत, भिंती खरोखरच बोलतात. सिंहांच्या चौकात १२४ खांब आणि पाणी ओतणारे बारा सिंह, सगळे आपापला फोन वर धरून उभे. पण माझी मान सारखी खाली जात होती. संगमरवरी फरशीत चार बाजूंनी चार बोटांएवढे पाट कोरले आहेत, दालनांच्या आतून निघून मधल्या कारंज्याकडे येणारे. पाम्पानेइराच्या गल्लीतलाच पाट, फक्त पोशाख राजाचा. १२३८मध्ये पहिला मुहम्मद इथे आला, आणि या कोरड्या टेकडीवर राहायचं तर आधी पाणी, म्हणून सहा किलोमीटर वरून दार्रो नदीचा पाट त्याने वळवून आणला. तोवर इथे राजवाडा होऊच शकत नव्हता. मातीचा पाट आधी, संगमरवर मागाहून.

“मावशी, वर बघ ना,” भाची म्हणाली. “एवढं तिकीट मिळवलं.”

वरही पाहिलं. मग तिला ओढत किल्ल्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला नेलं, जिथे फारसं कुणी जात नाही. तिथे पाण्याचा बुरूज आहे, आणि शेजारच्या कमानीवरून तो राजाचा पाट आत शिरतो. एक माणूस उकिडवा बसून लांब दातांच्या खोऱ्याने जाळीत अडकलेली पानं ओढत होता. ओला ढीग बाजूला, त्यावर माश्या. भाचीने त्याला विचारलं, हे पाणी येतं कुठून?

त्याने मान न वळवता खोरं उचलून डोंगराकडे दाखवलं.

“वरून,” तो म्हणाला, आणि पुन्हा पानं ओढू लागला.